मध्यमाला आवाज फाटतो, खरखर काढली की गळा बसतो

प्रश्न : मी वैतरणा स्टेशनजवळच्या गावात राहतो आणि बोईसरला एमआयडीसीत पाळीवर काम करतो. आम्हा चार मित्रांचा रॉक बँड आहे. गणपतीत, हळदीत, कधी एखाद्या कॉलेजात गातो. माझी पट्टी काळी एक. तार गंधारापर्यंत आवाज भरभक्कम जातो आणि मध्यमाला फाटतो. जोर लावला तर पंचम गाठतो, पण तो सूर नसतो, आरडाओरडा असतो. खरखरीत आवाज काढायला गेलो की दोन गाण्यांत गळा बसतो आणि पुढचे दोन दिवस धड बोलता येत नाही. गावातले भजनीबुवा म्हणतात, पहाटे खर्ज लाव. मित्र म्हणतात, रॉकवाल्यांचे गळे देवानेच वेगळे घडवलेले असतात. खरे काय?
(एक वाचक, वैतरणा)

उत्तर : तुमच्या पत्रातले सगळ्यात मोलाचे वाक्य म्हणजे ‘मध्यमाला फाटतो’. बहुतेक जण ‘आवाज वर जात नाही’ एवढेच लिहितात. तुम्ही जागा सांगितलीत, त्यामुळे दुखणे कुठले ते लगेच कळते.

काळी एकचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण 139 कंपने. तार षड्ज 277, तार गंधार 346, मध्यम 370 आणि पंचम 415. पुरुषाच्या आवाजाचा सांधा साधारण 300 ते 370 कंपनांच्या दरम्यान असतो. कोणाचा थोडा खाली, कोणाचा थोडा वर, पण प्रत्येकाला तो असतोच. आपण ज्या जाड आवाजात बोलतो, हाका मारतो, तो या सांध्यापर्यंत साथ देतो आणि मग सोडून जातो. तुमचा आवाज फाटतो ती जागा हीच. गळ्यात खोट आहे असा याचा अर्थ होत नाही. सांधा कसा ओलांडायचा हे अजून शिकायचे राहिले आहे, एवढाच अर्थ.

तंबोऱ्याची तार चढवायची तर आपण खुंटी पिळतो. तार जोरात छेडली म्हणून सूर वर जात नाही, नुसती झणझणते. गळ्यातही अशी खुंटी आहे. कंठमण्याच्या खालच्या बाजूला एक छोटा स्नायू असतो. तो आवळला की कंठमण्याची कूर्चा पुढे झुकते, तिच्या आतून मागे गेलेले दोन्ही स्वरतंतू ताणले जातात, पातळ होतात आणि भराभर कंपू लागतात. दुसरा स्नायू खुद्द स्वरतंतूंच्या पोटात असतो. तो आवळला की ते आखूड आणि जाड होतात, आवाज भरदार होतो. बोलताना राज्य या दुसऱ्याचे. वर जाताना त्याने हळूहळू पकड सैल करायची आणि पहिल्याने ताबा घ्यायचा. आपण मात्र भरदारपणाच्या मोहात दुसऱ्याला सोडत नाही. मग दोघांची रस्सीखेच सुरू होते, आपण खालून आणखी हवा रेटतो आणि मध्यमाला कोणीतरी एक अचानक सुटतो. आवाज फाटतो तो त्या क्षणी. जोर लावून तुम्ही जो पंचम गाठता, ती तार छेडून छेडून चढवायची धडपड आहे.

आता मित्रांच्या ‘देवाने घडवलेल्या गळ्या’कडे येतो, आणि त्यासाठी तुमच्याच रुळांवरून थोडे उत्तरेला जाऊ. वैतरण्याहून निघालेली गाडी पालघर, बोईसर, डहाणू ओलांडून घोलवड, उंबरगाव, संजाण, वापी करत वलसाडला पोहोचते. वलसाडचे जुने नाव बुलसार, आणि त्यावरून आलेले पारशी आडनाव बुलसारा. फारुख बुलसारा हा मुलगा 1946 मध्ये झांझिबारला जन्मला, आठव्या वर्षाच्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात आला, आणि तिथेच बाराव्या वर्षी मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून पियानो वाजवू लागला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागले. रॉकमधला उंच आवाज म्हटले की आजही पहिले नाव त्याचे निघते, आणि त्याच्या आवाजाची पहिली शाळा सातारा जिल्ह्यात होती याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

2016 मध्ये ख्रिस्तियन हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आवाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेडी तर हयात नव्हता, म्हणून त्यांनी त्याच्या मुलाखती आणि वाद्यांशिवायची ध्वनिमुद्रणे तपासली. मुलाखतींत त्याचा बोलण्याचा सूर सेकंदाला सुमारे 117 कंपनांचा निघाला. म्हणजे अगदी सर्वसाधारण पुरुषी आवाज, तुमच्या मध्य षड्जापेक्षाही दीड सूर खालचा. जन्मतः पातळ, उंच आवाजाचा तो गायक नव्हता. तो वर जाई तो सांधा ओलांडायची कला साधली म्हणून. मित्रांना एवढे जरूर सांगा.

याच अभ्यासात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. फ्रेडीची खरखर कुठून येते हे पाहायला त्यांनी एका व्यावसायिक रॉक गायकाला ती नक्कल करायला लावली आणि त्याच्या घशात दुर्बीण घालून सेकंदाला चार हजारांहून अधिक चित्रे घेतली. दिसले ते असे. खाली खरे स्वरतंतू आपले सुरात कंपत होते. त्यांच्या थोडे वर, दोन्ही बाजूंना, आणखी दोन मांसल घड्या असतात. त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. त्यादेखील थरथरत होत्या, आणि तालात : खरे स्वरतंतू तीनदा कंपले की वरच्या घड्या एकदा. सूर खालून येत होता आणि खरखर वरून त्यावर पसरत होती. मंगोलियाच्या उत्तरेला तुवा प्रदेशातले कंठगायक जो खोल, घुमणारा ‘कारगिरा’ काढतात, त्यातही याच घड्या कामाला येतात. तिथे दोनास एक असे प्रमाण पडते आणि म्हणून ऐकताना सूर एक सप्तक खाली गेल्यासारखा वाटतो.

तुम्ही काय करता, ते आता लक्षात येईल. तुम्ही खरखर खऱ्या स्वरतंतूंकडून काढून घेता. त्यांना घट्ट दाबून त्यांच्यावर हवेचा मारा करता. ते एकमेकांवर आपटतात, घासतात, सुजतात, आणि सुजलेले स्वरतंतू नीट मिटत नाहीत. दोन दिवस आवाज बसतो तो यामुळे. असे महिनोन् महिने चालले तर दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर, जिथे आपटण्याचा जोर सर्वाधिक तिथे, घट्टे पडतात. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसेच. तेव्हा ‘खरखरीत गाणे म्हणजे गळ्याची नासाडी’ हे लोकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. खरखर चुकीच्या मजल्यावरून काढली तर नासाडी, वरच्या मजल्यावरून काढली तर ती एक रीतसर कला आहे. अमेरिकेत मेलिसा क्रॉस या शिक्षिका किती तरी मेटल गायकांना हेच शिकवत आल्या आहेत. कोपनहेगनच्या कॅथरीन सॅडोलिन यांनी खरखर, घुरघुर, गुरगुर यांची वेगवेगळी नावे आणि वेगवेगळे अभ्यास लावून दिले आहेत.

म्हणून क्रम ठरलेला आहे, आणि तो उलटा करू नका. आधी तार मध्यम आणि पंचम स्वच्छ, हलका, अगदी हळू आवाजात लागला पाहिजे. त्यावर चिमूटभर खरखर. ज्या सुरावर स्वच्छ आवाज टिकत नाही, त्या सुरावर खरखर काढायची नाही.

स्वच्छ सुरासाठी पहिला अभ्यास नळीचा. नारळपाण्याला देतात तशी नळी घ्या, स्टीलची मिळाली तर उत्तम. अर्धा पेला पाण्यात तिचे टोक दोन बोटे बुडवा, ओठ घट्ट मिटा आणि नळीतून ‘ऊ’ गात बुडबुडे काढा. खालच्या षड्जापासून तार पंचमापर्यंत मींड घेत जा आणि परत या. नळीमुळे हवा तोंडाशी अडते, तिचा दाब मागे स्वरतंतूंवर येतो, त्यामुळे ते कमी आपटतात आणि कमी कष्टात कंपतात. अमेरिकेतले आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी हा अभ्यास जगभर रुजवला. नळीतून मध्यम ओलांडताना आवाज फाटत नाही हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच जाणवेल, कारण नळीत ओरडता येतच नाही. नळी नसेल तर लहान मुले मोटारगाडीचा आवाज काढतात तसे ओठ फुर्रर्र थरथरवत तीच मींड घ्या. दिवसातून तीनदा, दर वेळी पाच मिनिटे. सलग अर्ध्या तासापेक्षा हे जास्त कामाचे.

दुसरा अभ्यास तुम्ही रोज फुकट ऐकता. गाडीत आणि फलाटावर चिक्की, भाजी, कानातली विकणारे फेरीवाले सकाळपासून रात्रीपर्यंत हाळी देतात. त्यांची हाळी बारीक, किंचित चिमटलेली, नाकाशी वाजणारी असते. ती छातीतून येत नाही, आणि तरी डब्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. हाळी देताना स्वरयंत्राचे वरचे तोंड अरुंद होते आणि आवाजातला 3,000 कंपनांच्या आसपासचा भाग उठून दिसतो. आपल्या कानाला नेमका तोच भाग तीव्र ऐकू येतो. जोर न लावता आवाज मोठा वाटतो तो यामुळे. ‘न्यँव न्यँव’ असे मांजराच्या सुरात तार षड्जापासून पंचमापर्यंत गाऊन पाहा. ऐकायला फार बरे वाटणार नाही. पण हाच कणखरपणा पुढे ‘आ’कारात विरघळवला की रॉकमधला धारदार वरचा सूर तयार होतो. वर जाताना ‘आ’ पूर्ण उघडा ठेवू नका, ‘ऑ’कडे झुकवा. ‘ई’ला ‘ए’ची छटा द्या. शब्द ऐकणाऱ्याला बरोबरच ऐकू येतात.

हे दीड-दोन महिने झाले, मध्यमाचा सांधा बुजला, की मग खरखरीला हात घाला. भाताची गोणी उचलताना आपोआप ‘हं’ निघतो ना, त्या क्षणी वरच्या घड्या जवळ येतात. तो ‘हं’ अगदी हलका, नुसती चाहूल लागेल इतका आणा आणि मध्य सप्तकातल्या सोप्या सुरावर, बोलण्याच्या आवाजात, स्वच्छ ‘आ’ धरून त्यावर तो टेकवा. सूर तसाच वाजत राहिला पाहिजे आणि वर वाळू भुरभुरल्यासारखी खरखर आली पाहिजे. मग ‘हं’ काढून घ्या. सूर पुन्हा स्वच्छ झाला तर जमले. टोचले, खाजले, खोकला आला तर तिथेच थांबा, कारण वरचा मजला सुटून तुम्ही खाली उतरलात. दिवसाला पाच मिनिटे, त्यापेक्षा जास्त नाही. मध्य सप्तकात पक्की झाल्यावरच ती सुरासुराने वर न्यायची.

आणि रोज सकाळी एक परीक्षा. घरात कोणाची झोप मोडणार नाही इतक्या हळू आवाजात तार षड्ज ते पंचम गुणगुणा. आदल्या दिवशी हळू लागलेला सूर आज उशिरा उमटला, आधी नुसती हवा निघाली, तर स्वरतंतूंवर सूज आहे. जोरात गाताना ही सूज लपते, हळू गाताना लपत नाही. त्या दिवशी खरखर बंद, फक्त नळी.

आता बुवांचा खर्ज. बुवांचे ऐका, पण त्यातून काय मिळते ते समजून. पहाटेच्या मंद्र साधनेने गळा मोकळा होतो, श्वास लांबतो, सूर स्थिर धरायची सवय लागते, आणि खरखरीखालच्या स्वच्छ सुराला हे सगळे लागते. पण नुसत्या खर्जाने तार पंचम येणार नाही, कारण खर्जात स्वरतंतू सैल असतात आणि वर ते ताणायचे असतात. आपल्याकडे या गोष्टींचा विचार झालेला नाही असेही नाही. कुमार गंधर्वांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर यांनी आवाजसाधनेचा शास्त्र म्हणून अभ्यास केला आणि त्यांच्याकडे शिकलेल्या डॉ. अशोक रानडे यांनी तो गायकांपुढे आणि नटांपुढे मांडला. मला वाटते, रॉक गाणाऱ्या मराठी मुलांनी परदेशी व्हिडिओंच्या जोडीला या परंपरेकडेही वळावे. ‘मध्यमाला फाटतो’ म्हणून तुम्ही दुखण्याची जागा सांगू शकलात, ते या परंपरेनेच दिलेल्या कानामुळे.

शाहिरांकडेही वळा. अमर शेखांचा पहाडी आवाज गिरणगावातल्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी ऐकला. पण पोवाड्याची बांधणी नीट पाहा : शाहीर कडवे टाकतो आणि वरचा ‘जी जी’ झीलकरी उचलतात. तेवढ्यात शाहिराचा गळा विसावतो. फ्रेडीनेही हेच केले. त्याला स्वरतंतूंवरच्या गाठींचा त्रास होता. रेकॉर्डवर गायलेले काही उंच सूर तो मंचावर खाली घ्यायचा आणि सर्वांत वरचे सूर अनेकदा त्याच्या बँडमधल्या ड्रमवादक रॉजर टेलरकडे जायचे. तुमच्या चौघांतला एक जण झीलकरी असू द्या. मूळ गाण्याची पट्टी एक-दोन सूर उतरवायलाही कचरू नका. गन्स अँड रोझेस तर सगळ्या गिटारच अर्धा सूर उतरवून लावतात.

तुमच्या नोकरीबद्दल थोडे. कारखान्यात यंत्राशेजारी आठ तास ओरडून बोलायचे आणि संध्याकाळी गायचे, म्हणजे गळ्याला दोन पाळ्या झाल्या. गोंगाटात आवाज आपोआप चढतो, आपल्याला कळतही नाही. फ्रेंच वैद्य लोंबार यांनी 1911 मध्ये हे दाखवले आणि त्यांच्या नावानेच तो परिणाम ओळखला जातो. गाडीतल्या भजनात चाकांच्या खडखडाटावर आणि टाळांवर गाताना सगळ्यांचे आवाज चढतात ते त्यामुळेच. भजन जरूर करा, पण त्या दिवशी वरची चाल दुसऱ्याला द्या. कामावर खुणांनी बोला, कानात बोळे घाला, वाफ-धूळ असेल तिथे मास्क सोडू नका. रात्रपाळीहून येऊन वडापाव खाऊन लगेच आडवे होऊ नका. पोटातले आम्ल घशापर्यंत चढते आणि सकाळी स्वरतंतू लाल असतात. सरावात ड्रमवाल्याला हात आखडायला सांगा आणि स्पीकर स्वतःकडे वळवा. माइकची जाळी मुठीत धरू नका, आवाज घोगरा होतो आणि शिट्टी सुटते. मेटल गायक प्रत्यक्षात वाटतात त्याच्या मानाने बऱ्याच हळू आवाजात गुरगुरतात. उरलेले काम माइक करतो.

आवाज बसला तर गप्प राहा. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, जोर लावून कुजबुजले तर ताण वाढतो. घसा बधिर करणारी गोळी चघळून कार्यक्रम उरकू नका, दुखणे लपते आणि इजा वाढते. गाता गाता आवाज एकदम गेला तर त्याच क्षणी थांबा. स्वरतंतूत रक्त उतरलेले असू शकते, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरेपणा राहिला तरीही दाखवाच. तपासणीला घाबरायचे कारण नाही. ती सुरू झाली एका गायनशिक्षकामुळेच. मॅन्युएल गार्सियाने 1854 मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःचे गाते स्वरतंतू पाहिले. सुरुवातीचे घट्टे बहुधा आवाजाच्या सवयी बदलून आणि आवाज-उपचाराने जातात, सुरीची गरज पडत नाही.

या गणपतीत पंचम आला नाही तरी चालेल. पट्टी उतरवून गा.

प्रश्न : मुलींना मेटलसारखे गुरगुरता येते का? आमच्या घरी म्हणतात, मुलीचा आवाज कायमचा पुरुषी होईल.
(एक वाचक, केळवे)

उत्तर : येते. गुरगुर वरच्या घड्यांची, आणि त्या मुलींच्याही गळ्यात असतातच. स्वीडनच्या ‘आर्च एनिमी’ बँडमध्ये अँजेला गॉसो 2014 पर्यंत मुख्य गायिका होत्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्या अनेकांना तो बाईचा आहे हे खरे वाटत नसे. वयात येताना मुलांच्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी संप्रेरकांमुळे वाढते, गाण्यामुळे नाही. त्यामुळे गुरगुरल्याने बोलण्याचा आवाज पुरुषी होत नाही. बोलण्याचा आवाज घोगरा राहू लागला तर ती सूज समजा. वर लिहिलेली सकाळची परीक्षा तुम्हालाही लागू आहे, फक्त ती तुमच्या पट्टीत घ्या. घरच्यांना पटवायचे असेल तर गुरगुरून झाल्यावर त्यांच्यासमोर हळू आवाजात एक अंगाई म्हणून दाखवा. ती स्वच्छ लागली पाहिजे, अगदी वरच्या सुरालासुद्धा.